उंचीचं कारण आता पुरे

फिलिपिन्सचा बास्केटबॉल संघ मोठ्या स्पर्धेत हरला की एक सल्ला ठरलेला असतो. ‘तुमच्याकडे उंची नाही, बास्केटबॉल सोडा, बॉक्सिंग करा, तिथे वजनगट असतात.’ बाहेरचे म्हणतात ते एक वेळ समजू शकतो, पण खुद्द मनिलातले चाहतेही वैतागून हेच म्हणतात. मला हा सल्ला दोन्ही खेळांवर अन्याय करणारा वाटतो. फिलिपिन्स बास्केटबॉलमध्ये हरतं ते केवळ उंचीमुळे नाही, आणि बॉक्सिंगमधला वजनगट लांबून वाटतो तेवढा भक्कम आसरा नाही.

हे दोन खेळ तिथे वेगळे वाढलेलेच नाहीत. केझॉन सिटीतल्या क्युबाओ भागात अरानेटा कोलिझियम आहे. 16 मार्च 1960 ला ते उघडलं तेच बॉक्सिंगच्या लढतीने. सेबूतल्या बोगो गावच्या गॅब्रिएल ‘फ्लॅश’ एलोर्डेने हॅरोल्ड गोम्सला सातव्या फेरीत लोळवलं, ज्युनियर लाइटवेट गटाचा जागतिक पट्टा (विजेतेपद) घेतला आणि 1967 पर्यंत सोडला नाही. 9 एप्रिल 1975 ला त्याच छताखाली पीबीए सुरू झाली, आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला तिथेच अली आणि फ्रेझर यांची तिसरी लढत झाली. चौदा फेऱ्यांनंतर प्रशिक्षक एडी फचने फ्रेझरला स्टुलावरून उठू दिलं नाही, ती.

आता उंची. 1936 चं बर्लिन आपल्याला ध्यानचंदांच्या हॉकीमुळे पाठ आहे. ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आला तोही तिथेच. फिलिपिन्स त्या स्पर्धेत एकच सामना हरलं, तोही अमेरिकेकडून, आणि पाचवं आलं. 1951 ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, त्यात बास्केटबॉलचं सुवर्ण त्यांचंच. 1954 ला रिओमधल्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं आणि कार्लोस लोयझागा स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत निवडला गेला. ‘त्या काळी सगळेच बुटके होते’ असं यावर म्हटलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे. पण मग 1985 चं काय?

त्या वर्षी क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत विजेता ठरलेला फिलिपिन्सचा संघ रॉन जेकब्स या अमेरिकन प्रशिक्षकाने काही वर्षं एकत्र ठेवला होता. सॅम्बॉय लिम, अ‍ॅलन कायडिक, हेक्टर काल्मा ही तेव्हाची कोवळी पोरं. संघ नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड या नावाने खेळायचा, आणि पाहुणा संघ म्हणून उतरून त्याने पीबीएतली एक स्पर्धाही मारली होती. 1986 च्या सत्तांतरात संघाचे आश्रयदाते देश सोडून गेले आणि संघ मोडला. पुरुष संघाला ही आशियाई अजिंक्यपद स्पर्धा (आशियाई खेळ वेगळे) त्यानंतर आजपर्यंत जिंकता आलेली नाही. 1986 नंतर पोरांची उंची कमी झाली का? एकत्र राहणं बंद झालं, एवढंच झालं.

मूळ अडचण मला लीगच्या रचनेत दिसते. पीबीएतले संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. आपल्याकडे टाइम्स शील्डमध्ये कंपन्यांचे क्रिकेट संघ उतरतात तसेच, फक्त इथे पैसा आणि प्रेक्षक प्रचंड. खेळाडूचा पगार कंपनी देते, त्यामुळे त्याच्या सरावाच्या दिवसांवर पहिला हक्कही कंपनीचाच. राष्ट्रीय संघाला, म्हणजे गिलासला, पात्रता सामन्यांसाठी जेमतेम आठवडाभर मिळतो. तेवढ्यात पाच माणसांना एकमेकांची पावलं कळत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि फारशी न बोलली जाणारी. पीबीएच्या गव्हर्नर्स कप या स्पर्धेत परदेशी खेळाडूच्या उंचीवर मर्यादा असते, अलीकडच्या हंगामांत साडेसहा फूट. तिच्याच फिलिपाइन कप या दुसऱ्या स्पर्धेत तर परदेशी खेळाडूच नसतो. सामने चुरशीचे व्हावेत म्हणून हे केलं आणि ते होतातही. पण परिणाम बघा. 6 फूट 10 इंचांचा जून मार फहार्दो घरच्या मैदानावर डोंगर वाटतो. गार्ड मंडळी, म्हणजे चेंडू पुढे नेणारे बुटके खेळाडू, वर्षभर अशाच लोकांच्या डोक्यावरून शॉट मारतात आणि मग अचानक जागतिक स्पर्धेत समोर सात फुटी दोघं एकदम उभे राहतात. उंच माणसाशी खेळायची तालीमच झालेली नसते. हा शरीराचा दोष कसा?

त्यात नियमांचा फरक. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये बचाव करणाऱ्याला कोणालाही न अडवता रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांत ही बंदी नाही. म्हणजे सात फुटी सेंटर (संघातला सर्वांत उंच खेळाडू) रिंगखाली तंबू ठोकून बसू शकतो. फिलिपिनो गार्डचं हत्यार म्हणजे ड्रिबल करत आत घुसणं आणि हवेत चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन तो बोर्डाला लावणं. हे कौशल्य गल्लीतून येतं. बरांगाय म्हणजे वस्ती, आणि जवळपास प्रत्येक बरांगायमध्ये काँक्रीटचा कोर्ट असतो. तो नसेल तर नारळाच्या खोडाला ठोकलेली फळी आणि वाकवलेल्या सळईची रिंग. पायात बूट नाही, सपाता. उघड्यावर वारा असतो, रिंग कडक असते, लांबचा शॉट आदळून बाहेर उडतो. म्हणून पोरगा लहानपणापासून आत घुसायला शिकतो. घुसणं देखणं असतं, माझंही अतिशय आवडतं, पण तंबू ठोकलेल्या सेंटरसमोर तेच अंगाशी येतं. त्याला बाहेर ओढायचा उपाय एकच: दोन्ही कोपऱ्यांत तीन गुणांचे खात्रीचे नेमबाज उभे करायचे आणि घुसणाऱ्याने शॉट मारण्याऐवजी चेंडू कोपऱ्यात फेकायचा. हा पास न बघता द्यावा लागतो. तो सवयीचा आहे, आणि सवय आठवडाभरात लागत नाही.

रिबाउंडचं, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याचंही तेच. बुटक्या संघाने रिबाउंड उडी मारून घ्यायचा नसतो, ढुंगणाने घ्यायचा असतो. शॉट सुटला की चेंडूकडे बघायचंच नाही. आपला माणूस शोधायचा, कोपरापासूनचा हात त्याच्या छातीला लावायचा, मग वळायचं, गुडघे वाकवून बूड त्याच्या मांडीवर टेकवायचं आणि त्याला उडीसाठी जागाच ठेवायची नाही. मान वर करून चेंडू शोधायचा तो यानंतर. बिघडतं कुठे? आपण आता पुढे पळायचंय या विचाराने गार्ड उभ्या उभ्या चेंडू बघत राहतो. त्याच्या माणसाला रस्ता मोकळा मिळतो आणि प्रतिस्पर्ध्याला एकाच चालीत दुसरा, तिसरा शॉट. 2019 च्या जागतिक स्पर्धेत इटलीने 108–62 आणि सर्बियाने 126–67 असं झोडपलं. पाचही सामने गेले. ते सामने पुन्हा बघितले तर उंचीआधी ही सैल कोपरं आणि ही मोकळी सोडलेली माणसं दिसतात.

उलट उदाहरणही ताजं आहे. 2023 चा विश्वचषक घरच्या मैदानावर होता. फिलिपाइन अरिनात सलामीच्या सामन्याला 38,115 लोक आले, विश्वचषकाचा विक्रम झाला, आणि डॉमिनिकन रिपब्लिककडून 87–81 अशी हार झाली. चीनला शेवटी 96–75 हरवलं, पण तोवर उशीर झाला होता. जॉर्डन क्लार्कसनसारखा एनबीएतला खेळाडू स्पर्धेच्या तोंडावर येतो तेव्हा बाकीचे चौघं उभे राहून त्याचाच खेळ बघतात. यात त्याची चूक नाही.

महिनाभरात हांगझोऊचे आशियाई खेळ आले. प्रशिक्षक बदलला, टिम कोन आला. वेळ त्यालाही थोडाच होता, पण त्याच्या हाताखाली गिनेब्रा या पीबीए संघाचे स्कॉटी थॉम्पसन, जाफेथ अगिलार आणि जस्टिन ब्राउनली होते. वर्षानुवर्षं एकच पद्धत एकत्र खेळलेली माणसं. गटात जॉर्डनने 87–62 धुतलं. उपांत्य सामन्यात चीनविरुद्ध 20 गुणांची पिछाडी होती. तिथून ब्राउनलीने शेवटच्या मिनिटांत तीन गुणांचे दोन शॉट टाकले आणि 77–76. अंतिम सामन्यात त्याच जॉर्डनला 70–60. 1962 नंतर पहिलं सुवर्ण. ब्राउनली मुळात पीबीएच्या त्या साडेसहा फुटांच्या मर्यादेत बसून आलेला परदेशी खेळाडू, 2023 मध्ये कायदा करून त्याला नागरिकत्व दिलेलं. म्हणजे सुवर्ण आणणारा माणूसही काही ताडमाड नव्हता. पुढे कोनने तोच छोटा गट कायम ठेवला आणि जुलै 2024 मध्ये रीगात, जागतिक क्रमवारीत सहाव्या असलेल्या लाटव्हियाला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर 89–80 हरवलं.

आता बॉक्सिंग. ‘वजनगट असतात, म्हणून सोपं’ म्हणणाऱ्यांनी मॅनी पॅक्याओचं सप्टेंबर 1999 बघावं. तेव्हा तो 112 पौंडांचा जगज्जेता होता. थायलंडमध्ये मेडगोएन सिंगसुरतविरुद्ध वजन मर्यादेबाहेर गेलं, पट्टा काट्यावरच गेला, आणि तिसऱ्या फेरीत पोटावरच्या ठोशाने तो कोसळला. वाढत्या वयाचं शरीर त्या गटात मावत नव्हतं. वजन उतरवण्याची रीत सगळीकडे सारखीच: शेवटच्या आठवड्यात भात आणि मीठ कमी करायचं, मग पाणी तोडायचं, आणि शेवटी प्लास्टिकचा सूट घालून घाम काढायचा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे चोवीस तासांत पाणी परत भरून निघेल असा हिशेब असतो. पोटात पाणी जातं, पण स्नायूंत आणि मेंदूभोवती ते इतक्या लवकर परतत नाही. म्हणून असा बॉक्सर पहिल्या दोन फेऱ्या ठीक दिसतो आणि मग बरगडीखालच्या एका ठोशाने बसतो. ऑलिंपिकमध्ये तर लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, तिथे ही युक्ती चालतच नाही.

पॅक्याओ यातून सुटला तो वर जाऊन. 115 आणि 118 हे गट गाळून थेट 122. जून 2001 मध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर जगज्जेत्या लेडवाबाला हरवून त्याने तो पट्टा घेतला. पुढे आठ गटांत जगज्जेता. नोव्हेंबर 2010 ला प्रतिस्पर्धी मार्गारितोसमोर त्याचं वजन 144.6 पौंड होतं, मार्गारितोचं 150, उंचीत जवळपास अर्ध्या फुटाचा फरक. म्हणजे फिलिपिन्सचा सर्वांत मोठा बॉक्सर नेमका उंच आणि जड माणसांशी लढूनच मोठा झाला. वजनगटाच्या आडोशाला तो राहिलाच नाही.

त्याने हे केलं पायांनी. तो डावखुरा, उजवा पाय पुढे. समोरच्याचा डावा पाय पुढे. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात आणि ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला पडतो त्याचा मागचा हात सरळ रेषेत जातो. पॅक्याओ उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाबाहेर टाकायचा, मधून डावा सरळ ठोसा घालायचा आणि तिथे न थांबता आणखी उजवीकडे सरकायचा, प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या हातापासून लांब. समोरचा वळेपर्यंत दुसरा ठोसा दुसऱ्याच कोनातून. उजवा हात सुरुवातीला नावापुरता होता. प्रशिक्षक फ्रेडी रोचने त्यावर काही वर्षं घालवली तेव्हा त्या हाताचा हुक, म्हणजे वाकवलेल्या हाताचा बाजूने येणारा ठोसा, तयार झाला. आणि 8 डिसेंबर 2012 ला जुना प्रतिस्पर्धी मार्केझविरुद्ध, चार लढतींतल्या बेचाळिसाव्या फेरीत, सहावी फेरी संपायला एक सेकंद उरला असताना ते पाऊल बाहेर न पडता सरळ आत पडलं. मार्केझचा उजवा हात त्याच रेषेत थांबला होता. पॅक्याओ तोंडावर पडला तो पडलाच. आठ वर्षं एकाच माणसाचा अभ्यास केला की एका चुकलेल्या पावलाची किंमत अशी वसूल होते.

मोठ्या लढतीआधी पॅक्याओ आठ-आठ आठवडे एकाच प्रतिस्पर्ध्याच्या तयारीत घालवायचा. बॉक्सिंगकडून बास्केटबॉलने काही घ्यायचं तर हे घ्यावं.

आणि बॉक्सिंगला काय मिळतं? फिलिपिन्सच्या ऑलिंपिक इतिहासात बॉक्सिंगची दहा पदकं आहेत, 1932 च्या होसे व्हियानुएवापासून 2024 च्या आयरा व्हियेगास आणि नेस्टी पेटेसियोपर्यंत. बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला शेवटचा गेला 1972 ला. तरी रोज संध्याकाळी टीव्हीवर बास्केटबॉल, आणि 105 पौंडांच्या जगज्जेत्यांना पट्टा जिंकायला परदेशी जावं लागतं. 2024 मध्ये मेल्व्हिन जेरुसलेम आणि पेड्रो तादुरान यांनी जपानमध्ये जाऊन शिगेओका बंधूंचे दोन पट्टे आणले. दोन सख्ख्या भावांना त्यांच्याच देशात, एकाच वर्षी. अरानेटा भरून जावं अशी ही गोष्ट आहे.

वजनगट म्हणजे आसरा म्हणणाऱ्यांनी अजून एक बघावं. पुरुषांचा लाइट फ्लायवेट गट, 48-49 किलोंचा, हा फिलिपिन्सचा हक्काचा. 1988 ला सेरांतेस, 1992 ला रोएल व्हेलास्को, 1996 ला त्याचा भाऊ ओन्योक, सलग तीन ऑलिंपिकमध्ये पदक. टोकियोसाठी पुरुषांचे काही गट कमी केले, त्यात हा गेला. कार्लो पालाम 2018 च्या आशियाई खेळांत 49 किलोत कांस्य घेऊन आला होता. लहानपणी कागायान दे ओरोमध्ये कचरा वेचणारा हा मुलगा. गटच राहिला नाही म्हणून तो 52 किलोत चढला, गतविजेत्या झोइरोव्हला बाहेर काढलं आणि रौप्य मिळवलं. पॅरिसला तो 57 किलोत उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीत पंचांच्या विभागलेल्या निकालात हरला. सहा वर्षांत आठ किलो वर, प्रत्येक वेळी आधीपेक्षा उंच आणि लांब हातांच्या माणसांसमोर.