उशीर किती? कुणाचा?

"साहेब, हा फिल्टर सिग्नलला किती उशीर करतो? एकच आकडा सांगा." असं विचारणाऱ्याला बडोद्याची वरात दाखवावी, असं मला दर वेळी वाटतं.

वरात दांडिया बाजारातून सुरसागरकडे निघालेली. नवरदेव घोड्यावर, भाचेमंडळी नाचात. मांडवातून काकूंचा फोन: "कुठवर आलात?" आता घोड्याचं सांगायचं की भाच्यांचं? घोडा आपल्या चालीनं सरकतोय. भाचे नाचता नाचता मागे पडतात आणि सेव-उसळीच्या गाडीपाशी विरघळतात. घोड्याला लागला तो ग्रुप डिले, म्हणजे लाटांच्या सबंध घोळक्याचा उशीर. भाच्याचा तो फेज डिले, म्हणजे आतल्या एकेका लाटेचा.

थट्टा वाटत असेल तर १० किलोओमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून लो-पास, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी जाऊ देऊन जास्त दाबणारा फिल्टर, करा. कटऑफ, म्हणजे जिथून वरच्या फ्रिक्वेन्सी दबू लागतात ती जागा, १५९ हर्ट्झ. तिथं फेज, म्हणजे लाटेचं ३६० अंशांच्या चक्रातलं स्थान, ४५ अंश मागे. ४५ भागिले (३६० × १५९), म्हणजे ०.७९ मिलिसेकंद. हा झाला भाचा. घोड्यासाठी फेजचा उतार हवा, म्हणजे फ्रिक्वेन्सीगणिक फेज किती बदलते ते: १५० हर्ट्झला ४३.३ अंश, १६८ ला ४६.५५. फरक ३.२५, त्याला ३६० × १८ नं भागा. आला ०.५ मिलिसेकंद.

खरी रडारड इथंच. स्कोपवर (लाटा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) अर्ध्या अंशाची चूक झाली तर फेज डिले जेमतेम एका टक्क्यानं चुकतो, ग्रुप डिले मात्र पंधरा टक्क्यांनी, कारण वजाबाकीत मूळ आकडा लहान होतो आणि चूक आहे तेवढीच राहते. दोन फ्रिक्वेन्सी फार जवळ घेतल्या की हाती नुसता नॉइज. फार लांब घेतल्या की मधे उतारच बदललेला. त्यात एक चॅनेल एसी कपलिंगवर (स्थिर व्होल्टेज अडवणाऱ्या सेटिंगवर) राहिला असेल तर आणखी एक फिल्टर फुकटात. आणि सॉफ्टवेअरमध्ये फेज अनरॅप, म्हणजे ३६० अंशांच्या उड्या काढून सलग, करायला विसरलात, तर उणे १८० वरून अधिक १८० वर मारलेली उडी आलेखात सुळका बनून उभी राहते.

१०१ टॅपचा (म्हणजे गुणकांचा) सममित एफआयआर, हा एक डिजिटल फिल्टर, घ्या. तिथं दोन्ही उशीर पासबँडभर, म्हणजे फिल्टर जाऊ देतो त्या सगळ्या फ्रिक्वेन्सींना, ५० सँपल (सिग्नलची एकेक नोंद). कवायतीची वरात! बघायला मजा नाही, पण काकूंना एकच उत्तर देता येतं.

आता रेझिस्टर-कपॅसिटरची अदलाबदल करा. हाय-पास झाला, १५९ ला फेज ४५ अंश पुढे, फेज डिले उणे ०.७९! ग्रुप डिले तोच, ०.५. "म्हणजे आउटपुट इनपुटच्या आधी?" असं कुणीतरी विचारतंच. कायम चालू असलेल्या साइन वेव्हमध्ये कोणतं शिखर कुणाचं, हे ओळखणार कसं? जनरेटर बंद करून पुन्हा चालू करा आणि स्कोपवर पहिली लाट बघा. इनपुट हलेपर्यंत आउटपुट ढिम्म.