बिनतारी उबेचा कारभार

निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचली की आम्हां नाशिककरांना हुडहुडी आणि अभिमान एकदमच भरतो. तिकडे द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आमच्या घरी मण्यांच्या जागी आईचे गुडघे आहेत आणि शेकोटीच्या जागी तेल भरलेला २,००० वॅटचा हीटर.

या हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेली ऊब आली की हीटर बंद करणारा पहारेकरी, असतो. परंतु तो हीटरच्याच अंगाला चिकटलेला असल्यामुळे स्वतःपुरते उबले की जगाचे भले झाले, असे मानून तो बंद पडतो. म्हणून आम्ही बिनतारी थर्मोस्टॅट घेण्याचे ठरवले. त्यात दोन भाग असतात. एक सॉकेटमध्ये बसून हीटरचा प्रवाह चालू-बंद करतो आणि दुसरा, बॅटरीवर चालणारा लहानसा डबा, खोलीचे तापमान मोजून पहिल्याला रेडिओलहरींनी निरोप धाडतो. दुकानदाराने ॲप, वायफाय आणि पडद्याचा रंग यांवर पुष्कळ प्रवचन केले. त्यातले कामाचे वाक्य एकच होते: असा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा १० अँपिअरच्या यंत्राला रात्रभर काठावर राबवण्यापेक्षा १६ अँपिअरचे घ्या. आमचा हीटर फिरवायच्या खटक्याचा होता, हेही नशीबच. स्पर्शाने चालणारे बरेच हीटर वीज गेली की सगळे विसरतात आणि ती परत आली तरी कोणी बोट लावेपर्यंत ढिम्म राहतात. त्यांच्यापुढे थर्मोस्टॅटचे काही चालत नाही.

माहितीपुस्तिकेत नळ गोठू नयेत म्हणून ५ अंशांवर हीटर आपोआप पेटवण्याची सोय सविस्तर वर्णिली होती. आमच्याकडे नळाला पाणी येईल की नाही, याचीच चिंता असते. डबा मात्र जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, ऊन, वारा आणि उष्णता यांपासून दूर ठेवावा, ही सूचना खरी महत्त्वाची होती. पण वस्तू बिनतारी आहे म्हटल्यावर तिला एका जागी बसवणे घरातील कोणालाच पटेना.

२० अंशांवर सर्वांचे एकमत होते आणि तो आकडा आजवर कोणी बदललेला नाही. तरीही हीटर कधी भर थंडीत गप्प बसे, तर कधी सकाळी उन्हे आली तरी थांबत नसे. मी नव्या बॅटऱ्या घातल्या. दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरून दोन्ही भागांची पुन्हा जोडणी केली. लोखंडी कपाट लहरी अडवत असेल म्हणून तेही सरकवले, आणि कपाटामागे हरवलेला पोळपाट तेवढा सापडला.

शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्राकडे न पाहता विचारले, "साहेब, डबा असतो कुठे?"

"देवघरात," आई म्हणाली. वस्तू नवी होती, शिवाय समईच्या उजेडात आकडे नीट दिसत. अण्णांना रात्री थंडी वाजे, म्हणून ते डबा उघड्या खिडकीत ठेवीत. मग खोली कितीही तापली तरी डबा बापडा १६ अंशांत कुडकुडत हीटर चालूच ठेवी. विजेचे बिल सौभाग्यवतींच्या नावावर येते. त्यामुळे त्या पहाटे दूध तापवताना डबा शेगडीशेजारी नेत आणि हीटर तत्काळ विझे. चिरंजीव थंडीतही पंखा लावून झोपतात. त्यांनी डबा पांघरुणात घेतल्याचे कबूल केले.

दुरुस्तीवाल्याने शांतपणे भिंतीत दोन स्क्रू ठोकून डबा पक्का केला, दीड मीटर मोजून, आणि हीटरचा खटका शेवटपर्यंत फिरवला, म्हणजे एका घरात दोन कर्ते नकोत. त्याचे पैसे चुकते करून मी दार लावेपर्यंत सौभाग्यवतींनी इस्त्रीचे टेबल बरोबर त्याच भिंतीखाली हलवले होते, आणि अण्णा समोरची खिडकी उघडत होते.