'विद्यार्थीकेंद्री' आहे का? आधी वेळापत्रक दाखवा

अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत 'विद्यार्थीकेंद्री' हा शब्द असतोच. शाळेचं खरं तत्त्वज्ञान मात्र वेळापत्रकात आणि प्रश्नपत्रिकेत सापडतं.

माँटेसरीचंच बघा. १९०७ साली रोममध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत मूल साधन स्वतः निवडतं आणि मन भरेपर्यंत तेच करत राहतं. त्याला सलग ३ तास लागतात. साधनं आणली आणि तासिका ४० मिनिटांचीच ठेवली, की मूल रंगात येतं तेव्हाच घंटा वाजते. मग साधनं कपाटात जातात आणि खापर पद्धतीवर फुटतं.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईंच्या नावावर तर 'मुलांना हवं ते करू द्या' हेच खपवलं जातं. त्यांनी शिकागोत काढलेल्या प्रयोगशील शाळेत (१८९६) स्वयंपाक आणि सुतारकाम होतं, पण त्यातून विज्ञान आणि गणिताकडे जाण्याची वाट शिक्षकांनी आखलेली असे. प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असं नाही, हे त्यांनी १९३८ मध्ये मुलांच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रागतिक शाळांनाच सुनावलं.

प्रकल्प नेमका इथेच फसतो. वर्गखोलीची प्रतिकृती करायला १० तासिका दिल्या. त्यातल्या ८ कापण्या-चिकटवण्यात गेल्या, 'प्रमाण' ही संकल्पना राहिलीच. म्हणून आधी काय यायला हवं ते लिहा, मग ते आलं हे कशावरून कळेल ते ठरवा, कृती सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक कृतीला एकच प्रश्न विचारा: हे करताना मुलाच्या डोक्यात काय चालू असेल? उत्तर 'गोंद' असेल तर कृती बदला.

मुलांना निवड हवीच, पण ती प्रकल्पाच्या विषयाची, क्रमाची, मांडणीची. वाचन आणि मूलभूत आकडेमोड ऐच्छिक नाही. इथे मी सरळ परंपरावाद्यांच्या बाजूनं आहे. पर्याय दोन-तीन पुरेत. दहा दिले की मुलं सोपा तरी घेतात, नाहीतर मित्राचा. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार. पण त्याचा अर्थ नवख्या मुलाला कोरा प्रश्न देऊन बाजूला होणं नव्हे. आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण, मग अर्धवट, मग कोरं.

आणि प्रश्नपत्रिका? १०० पैकी ८० गुण पाठांतराला असतील, तर सत्राच्या मध्यावर शिक्षक प्रकल्प गुंडाळणारच. त्यात त्यांचा आळस नाही, हिशेब आहे. आधी गुणांची वाटणी बदला. प्रकल्पाचे निकष चार पातळ्यांत लिहून काम सुरू होण्याआधीच मुलांच्या हातात द्या, नाहीतर गुण सुवाच्य अक्षराला आणि चकचकीत मुखपृष्ठाला जातात.