ते डायपर आमचं नव्हतं

ते डायपर आमचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. घरात मी आणि माझा नागपूरकर फ्लॅटमेट असे दोन दाढीवाले राहतो. दोघेही बिनलग्नाचे, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोघांच्याही नैसर्गिक विधींबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. तरीही मंगळवारी सकाळी आमच्या निळ्या झाकणाच्या, रिसायकलिंगच्या डब्यावर लालभडक स्टिकर चिकटलेला होता: आत भलतंच काही आढळल्यामुळे हा डबा उचलला नाही. गल्लीतले बाकी सगळे डबे रिकामे. आमचा एकटा तोंडापर्यंत भरलेला, आणि पुढची गाडी दोन आठवड्यांनी.

गावाचं नाव सांगत नाही, कारण इथल्या कौन्सिलशी, म्हणजे नगरपालिकेशी, माझं अजून वाकडं आहे.

इंग्लंडात कचऱ्याचा रंग गावागणिक बदलतो. एका कौन्सिलच्या हिरव्या डब्यात बागेतला पालापाचोळा टाकायचा, पलीकडच्या कौन्सिलच्या हिरव्यात साधा कचरा. घर बदललं की सगळं नव्याने पाठ करायचं. हा घोळ शेवटी सरकारच्याही डोक्यात शिरला आणि सगळ्या इंग्लंडला एकच शिस्त लावण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख ठरली. अन्नाचा कचरा वेगळा, कागद-पुठ्ठा वेगळा, काच-डबे-प्लास्टिक वेगळं आणि उरलेलं सगळं चौथ्या डब्यात. शिवाय आमच्या कौन्सिलचे घरचे नियम आहेतच. डबा सकाळी सहाच्या आत फुटपाथच्या कडेला हवा, पण आदल्या संध्याकाळच्या आधी नको. झाकण पूर्ण मिटलेलं हवं. मूठ रस्त्याकडे हवी. सोमवारी बँक हॉलिडे आला की पुढचा सगळा आठवडा एक दिवस सरकतो. दह्याचा डबा धुऊन टाकायचा, पिझ्झाचं खोकं तेलकट असेल तर टाकायचं नाही, वेफर्सचं पाकीट आतून कितीही चकाकत असलं तरी चालत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. आमच्या कंपनीत कोड लाइव्ह जाताना इतके नियम पाळले असते, तर रात्री दोनला माझा फोन वाजला नसता.

मग डायपर आलं कुठून? अहो, डबा रात्रभर रस्त्यावर उभा असतो. पबमधून परतणारे त्यात चिप्सचे खोके कोंबतात, कोणी अर्धा बर्गर ठेवून जातो. बाबागाडी ढकलत निघालेल्या एखाद्या आईबापाच्या हातात ते गरम पुडकं आलं असणार, आणि या गल्लीत सार्वजनिक कचरापेटी नाही. माणूस काय करेल? मला त्यांचा राग नाही. म्हणजे आहे, पण तात्यांच्या मानाने फारच कमी.

तात्या समोरच्या घरात राहतात. त्यांचं खरं नाव साहजिकच काहीतरी इंग्रजी आहे. पण ती टोपी, ती काठी आणि दुसऱ्याच्या अंगणात लक्ष घालायची ती हौस बघून पहिल्याच आठवड्यात आमच्या घरात त्यांचं तात्या झालं. त्यांच्या खिडकीला जाळीचा पडदा आहे. आपण दाराबाहेर पडलो की तो हलतो. सोबत एक म्हातारं, जाडं कुत्रं असतं. तात्यांना ज्या घरासमोर काम असेल, तिथेच नेमकं त्याला दमायला होतं.

सव्वानऊ वाजले होते. साडेनऊला माझा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी ऑनलाइन मीटिंग. वर कॅमेऱ्यापुरता इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, पायात फ्लॅटमेटच्या चपला, हातात चहा, अशा अवस्थेत मी तो स्टिकर वाचत उभा होतो. तेवढ्यात तात्या रस्ता ओलांडून आले.

“मॉर्निंग. ऑल राइट?”

“ऑल राइट.”

इथल्या रिवाजाप्रमाणे भेट इथे संपायला हवी. पण कुत्रं बसलं.

“पाऊस थांबला,” तात्या म्हणाले.

“हो.”

“दुपारी परत येणार म्हणतात.”

“अच्छा.”

एवढं हवामान उरकल्यावर त्यांनी काठीच्या टोकाने आमच्या डब्याचं झाकण वर केलं.

“मला काही बोलायचं नाहीये, पण ते वर दिसतंय ना, ते डायपर आहे.”

“हो. ते आमचं नाहीये.”

“पण डबा तुमचा आहे.”

“डबा आमचा आहे. डायपर आमचं नाही.”

तात्यांनी यावर विचार केला. “घरात लहान बाळ आहे?”

“नाही.”

“मग पाहुणे. शनिवारी तुमच्याकडे बरेच लोक होते.”

“ते मॅच बघायला आले होते. सगळे तिशीच्या आसपासचे.”

“त्यांना बाळं असतील.”

“असतील. पण त्यांनी आणली नव्हती.”

“डायपर आणलं असेल.”

“बाळ घरी ठेवून नुसतं डायपर घेऊन मित्राकडे मॅच बघायला कोण येतं?”

“तेच मला कळत नाहीये,” तात्या मनापासून म्हणाले.

मी घड्याळ बघितलं. समोरच्याने घड्याळ बघितलं की आपण निघायचं, हे पुण्यात लहान पोरालाही कळतं. तात्यांनीही घड्याळ बघितलं, पण स्वतःचं, आणि त्यांना भरपूर वेळ आहे असं बहुतेक त्यात दिसलं.

“आणि ती मूठ,” ते म्हणाले. “मूठ रस्त्याकडे हवी.”

“रस्त्याकडेच आहे.”

“आत्ता आहे. काल रात्री नव्हती. मी फिरवली.”

“तुम्ही? कधी?”

“साडेदहाला. याला फिरवायला निघालो होतो.” कुत्र्याने साक्ष दिल्यासारखं वर पाहिलं.

आता माझ्यातला डीबगिंगवाला जागा झाला. साडेदहाला डबा कसा होता हे कळलं, तर गुन्ह्याची वेळ पक्की करता येते. मी म्हणालो, “मग त्या वेळी आत डायपर होतं का?”

“मी दुसऱ्यांचे डबे उघडत नाही,” तात्या म्हणाले. काठीवर आमचं झाकण अजून तसंच होतं.

मी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. आणि मग त्यांनी ते वाक्य टाकलं. अगदी हळुवार आवाजात, समजूत काढायच्या सुरात: “आमच्याकडे हे असं वेगवेगळं करावं लागतं. तुमच्याकडे बहुतेक नसेल.”

इथे मला राग आला. अजून आहे. माणसाने शिवी दिली असती तर चार शब्द सुनावता आले असते. मायेने बोललेल्या अशा वाक्यावर काय बोलणार? मी पुण्यात वाढलो. आमच्या मजल्यावर कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या मावशींपुढे सुक्या कचऱ्यात केळ्याचं साल टाकायची आमच्या बाबांची हिंमत नव्हती. ओलं वेगळं, सुकं वेगळं, आणि डायपर-पॅड तर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून द्यायचं. हाताने कचरा निवडणाऱ्या बाईला न उघडताच कळावं, म्हणून तो लाल ठिपका. कचऱ्याबद्दल इतका साधा आणि माणुसकीचा नियम या अख्ख्या कौन्सिलच्या पत्रकात मला सापडलेला नाही. आणि चूक झालीच, तर मावशी स्टिकर लावत नसत. दार वाजवून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जागच्या जागी हिशेब मिटवत. दोन आठवडे ताटकळत ठेवण्याचा थंडपणा त्यांच्यात नव्हता.

हे सगळं मी तात्यांना सांगायला गेलो. लाल ठिपक्यापर्यंत पोचलो आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.

“इथे?”

“नाही. डायपरवर.”

“डायपरवर,” ते सावकाश म्हणाले. संध्याकाळी पबमध्ये हे कोणत्या रूपात सांगितलं जाणार, ते मला तेव्हाच दिसलं.

स्टँडअपला मी उशिरा पोचलो. मॅनेजरने विचारलं, काही अडचण? नो ब्लॉकर्स, म्हणालो.

आता थोडं पैशाचं बोलतो, कारण मुद्दा निघालाच आहे. इथला कौन्सिल टॅक्स घराच्या किमतीवरून ठरतो, आणि इंग्लंडात ती किंमत धरतात १ एप्रिल १९९१ ची. आजची नाही. त्या दिवशी हे घर विकलं असतं तर किती आले असते, यावर घराचा पट्टा, म्हणजे कराचा गट, ठरतो आणि पट्ट्यावर बिल. घर त्यानंतर बांधलेलं असलं तरी हिशेब त्याच दिवसाचा. १ एप्रिल १९९१ ला माझ्या आईबाबांचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. ते बिल मी दरमहा भरतो. शिवाय व्हिसा काढताना आरोग्याचा अधिभार म्हणून वर्षाला १,०३५ पौंड, तेही सगळ्या वर्षांचे एकदम आगाऊ, आणि वर पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो वेगळा. म्हणजे आजारी पडण्याचे मी दोनदा पैसे भरलेत आणि अजून साधा खोकलाही वसूल झालेला नाही. एवढ्या सगळ्याच्या बदल्यात माझी अपेक्षा काय? एक डबा उलटा करा. आणि पुढच्या वेळी भलतंच काही सापडलं, तर ते याच घरातून आलं असेल असं धरून चालू नका. पण ही दुसरी अपेक्षा लिहायला कौन्सिलच्या फॉर्मवर जागा नाही.

फॉर्म भरला मी. पोस्टकोड टाकल्यावर पत्त्यांची यादी आली. तिच्यात आमच्या इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट होता, मागचा फ्लॅट होता, आमचा वरचा नव्हता. टॅक्सच्या बिलावर मात्र तो न चुकता असतो. मग तळमजल्याच्या नावाने पुढे गेलो. तक्रारीचं कारण निवडा: गाडी आली नाही, डबा हरवला, डबा फुटला. ‘डबा शाबूत आहे पण त्यात परक्याचं डायपर आहे’ असा पर्याय नव्हता. ‘गाडी आली नाही’ निवडलं आणि खाली सविस्तर लिहिलं. दोन मिनिटांत ईमेल आला: गाडी आली होती, सबब तक्रार निकाली. सेवा कशी वाटली ते कळवा. मी दिवसभर लोकांची तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, बंद करायचंच काम करतो, त्यामुळे कोणी किती विचार करून बंद केलंय ते मला ओळखता येतं. हे कोणीच बंद केलेलं नव्हतं. ते आपोआप झालं होतं.

“जाऊ दे ना बे,” फ्लॅटमेट म्हणाला. “हातमोजे घाल अन् काढून टाक.”

“तू काढ.”

“बिल तुया नावानं येते.”

याच सुमारास आईचा व्हिडिओ कॉल आला आणि मागून या महाशयांचं ‘डायपर’ तेवढं तिच्या कानावर पडलं. पडद्यावर ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, नेट गेलं.

“कोणाचं बाळ?” तिने विचारलं.

“कोणाचंच नाही. कोणीतरी डब्यात टाकलंय.”

“बाळ?”

“डायपर, आई!”

“बाळ नाही तर डायपर कुठून आलं?”

तात्या आणि आईची एकदा गाठ घालून दिली पाहिजे. शेवटी तिला पटलं, किंवा पटल्याचं तिने दाखवलं. फोन ठेवताना म्हणाली, “हे त्या कोथरूडच्या मुलीकडच्यांना बोलू नकोस.” कोथरूडच्या मुलीशी माझं अजून एकदाही बोलणं झालेलं नाही. झालंच असतं, तर या विषयाने सुरुवात केली नसती.

डायपर मी काढलं. दोन पिशव्या हाताला बांधून, श्वास रोखून. ते काळ्या, उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात गेलं. जाळीचा पडदा दोनदा हलला.

रविवारी दारात तात्या. आता काय निघालं, या विचाराने मी आधी आमच्या डब्याकडे पाहिलं. पण काम वेगळंच होतं.

“तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात ना?”

सॉफ्टवेअर इंजिनिअरला जगाच्या पाठीवर कुठेही विचारला जाणारा हा प्रश्न, आणि पुढचा शब्द सगळीकडे एकच.

“प्रिंटर,” तात्या म्हणाले.

गेलो. नाही म्हणता येत नाही हे आपलं जुनं दुखणं. काकूंनी दुधाचा फिका चहा आणि दोन बिस्किटं समोर ठेवली. कुत्रं एका बिस्किटाकडे बघत बसलं. तात्यांनी घरातला राउटर बदलला होता आणि प्रिंटर बिचारा जुन्याच वायफायला शोधत होता. नवं नाव, नवा पासवर्ड टाकला, तो घरघरला आणि रांगेत अडकलेले कागद एकेक करून बाहेर पडू लागले. पहिला रंगीत होता, वर लाल चौकट, आत आमच्या घराचा नंबर. रहिवाशांना नम्र विनंती, की त्यांनी या डब्यात डायपर टाकू नये.

“तुमच्याच डब्यासाठी आहे,” तात्या म्हणाले. त्यांनी कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. “अक्षर लहान वाटतंय का हो?”

वाटत होतं. मी फॉन्ट छत्तीसवर नेला, ठळक केला, समास सारखे केले. लॅमिनेट करायचं मशीन त्यांच्याकडे होतंच. त्यात कागद तिरका जाऊ नये म्हणून एक बाजू त्यांनी धरली आणि दुसरी मी.