माचीस लावून फेणी शुद्ध ठरत नाही, प्लीज हा फॉरवर्ड थांबवा

काजूचा सीझन आला की दरवर्षी तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा तर वाड्यावरचा ग्रुप, नात्यातला ग्रुप आणि शाळेच्या बॅचचा ग्रुप, तिन्हीकडे एकाच दिवशी आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. करवंटीत नाहीतर चमच्यात थोडी फेणी (आपली गोव्याची काजूची दारू) घ्या, माचीस लावा, निळी ज्योत आली तर अस्सल, पिवळी आली तर भेसळ, पेटलीच नाही तर पाणी घातलंय. पुढे लिहिलंय की फेणीचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ज्योत दाखवल्यावर पेट घेते ते) ७८ डिग्री असतो, त्याआधी पेटली तर केमिकल समजा. आणि शेवटी, 'लॅबवाले पण हेच करतात, उगाच पैसे कशाला घालवता'.

मी लॅबवालीच आहे. डिझेल, थिनर, बोटींचं इंधन, यांचे फ्लॅश पॉइंट काढणं हे माझं रोजचं काम, आणि माझ्या मामाची सत्तरी तालुक्यात फेणीची भट्टी आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार कळतं. एकेक मुद्दा घेते.

'निळी ज्योत म्हणजे अस्सल.' सगळ्यात घातक वाक्य हेच, म्हणून आधी हेच. लोकांना भीती कशाची असते? मेथॅनॉलची, म्हणजे विषारी अल्कोहोलची. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मेथॅनॉलनेच. आणि मेथॅनॉल पण निळंच जळतं हो! उलट इतकं फिकं जळतं की दिवसाउजेडी ज्योत दिसतसुद्धा नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट ११-१२ डिग्री, आपल्या नेहमीच्या, दारूतल्या इथेनॉलचा १३ च्या आसपास, म्हणजे पेटण्याच्या बाबतीत दोघं सख्खे भाऊ. विष असलेली दारू या टेस्टमध्ये पहिल्या नंबरने पास होणार. आणि कोणी साधं स्पिरिट आणून त्यात पाणी आणि काजूचा वास घालून विकलं तर तेही मस्त निळंच जळेल. पिवळ्या ज्योतीचं म्हणाल तर मिठाचा कण जरी चमच्याला लागलेला असला तरी सोडियममुळे ज्योत पिवळी होते. स्वयंपाकघरातला चमचा, घामेजलेला हात, एवढं पुरे आहे एखाद्या प्रामाणिक भट्टीवाल्याचं नाव खराब करायला.

'पेटली नाही म्हणजे पाणी घातलंय.' हे थोडंसं खरं असल्यामुळे लोक फसतात. पाणी वाढलं की फ्लॅश पॉइंट वर जातो हे बरोबर, पण पेटणार की नाही हे त्या घडीच्या तापमानावरही तेवढंच अवलंबून असतं. द्रव स्वतः जळत नाही, त्याच्यावर जमलेली वाफ जळते, आणि हवेत त्या वाफेचं प्रमाण साधारण सव्वातीन टक्क्यांवर गेल्याशिवाय इथेनॉल पेट घेत नाही. ज्या तापमानाला तेवढी वाफ तयार होते आणि ज्योत दाखवल्यावर क्षणभर भपका होतो, तो फ्लॅश पॉइंट. ४० टक्के अल्कोहोलला तो साधारण २६ डिग्री, ३० टक्क्यांना २९, २० टक्क्यांना ३६, १० टक्क्यांना ४९. आता बघा, बाजारातली फेणी बहुतेक ४२.८ टक्क्यांची. मे महिन्यात दुपारी घरात ३३ डिग्री असताना ती आरामात पेटणार. तीच बाटली फ्रिजमधून काढून माचीस लावा, नाहीतर डिसेंबरात पहाटे लावून बघा, काडी विझेल आणि तुम्ही म्हणणार पाणी घातलंय. बाटली तीच, फेणी तीच. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या वाफेची दारू) तर मुळातच फेणीपेक्षा हलकं असतं, ते पेटलं नाही म्हणून भट्टीवाल्याशी भांडायला जाणारी माणसं मी डोळ्यांनी बघितलीत. त्यातून काडी चमच्याजवळ धरून ठेवली की चमचाच तापतो, म्हणजे तुम्ही कुठल्या तापमानाला टेस्ट करताय हे तुम्हालाच माहीत नसतं.

'फेणीचा फ्लॅश पॉइंट ७८ डिग्री.' नाही. ७८ हा शुद्ध इथेनॉलचा उकळण्याचा आकडा आहे, कोणीतरी दोन गोष्टींची गल्लत केलीय. या हिशोबाने गोव्यातली प्रत्येक फेणी केमिकल ठरेल.

याच मेसेजच्या दुसऱ्या एका रूपात असंही आहे की फ्लॅश पॉइंट ओलांडला की आपोआप भडका होतो म्हणून उन्हात गाडीत बाटली ठेवू नका. आपोआप पेटायला इथेनॉलला साडेतीनशेच्या वर डिग्री लागतात. फ्लॅश पॉइंटला बाहेरून ज्योत नाहीतर ठिणगी लागतेच, आणि तेव्हाही एकदा भप् होऊन विझतं, सलग जळत राहायला आणखी काही डिग्री वर जावं लागतं. पण म्हणून फ्लॅश पॉइंट हलक्यात घेऊ नका. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नाफ्त्याने (पेट्रोलसारख्या हलक्या तेलाने) भरलेलं नू शी नलिनी जहाज दोनापावलाला खडकांवर येऊन बसलं तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता, कारण नाफ्त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही खाली, म्हणजे गळती झाली तर कुठल्याही ऋतूत वाफ तयारच, फक्त ठिणगीची वाट.

आता 'लॅबवाले पण हेच करतात'. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. आम्ही काय करतो ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

फेणीसारख्या, कमी तापमानाला भपका देणाऱ्या द्रवाला आम्ही एबल कप वापरतो. पितळेचा छोटा कप, आतल्या खुणेपर्यंतच भरायचा, वर घट्ट झाकण, झाकणात थर्मामीटर, ढवळणी आणि एक सरकती फट. भोवती पाण्याची टाकी. कप आणि नमुना आधी थंड करून घ्यायचा, अंदाजाच्या बराच खालून सुरुवात करायची आणि मिनिटाला साधारण एक डिग्री एवढ्याच वेगाने तापवायचं. झाकणावर एक पांढरा मणी बसवलेला असतो, टेस्टची ज्योत त्या मण्याएवढीच ठेवायची, मोठी नाही, छोटी नाही. मग दर अर्ध्या डिग्रीला फट उघडायची, ज्योत आत बुडवायची, बाहेर काढायची, फट बंद. पंख्याचा वारा चालत नाही, म्हणून आमच्या त्या खोलीत मे महिन्यातसुद्धा पंखा बंद असतो.

गेल्या आठवड्यात मामाच्या फेणीचा नमुना मी असाच लावला. २३ ला काही नाही. २४ ला काही नाही. २५ ला ज्योतीभोवती निळसर वलय दिसलं, नवीन पोरं यालाच फ्लॅश म्हणून लिहून टाकतात, पण तो फ्लॅश नव्हे. २५.५ ला आतल्या आत एक निळी लाट सगळ्या पृष्ठभागावरून झर्रकन गेली आणि विझली. तो आकडा. मग कप रिकामा करून, धुऊन, सुकवून, नवीन फेणी घेऊन परत पहिल्यापासून, कारण एकदा तापलेल्या नमुन्यातलं हलकं ते उडून गेलेलं असतं. वर बॅरोमीटर बघून हवेच्या दाबाची दुरुस्ती. इथे खाली ती नावालाच असते, पण चोर्ला घाटात वर कोणी हीच टेस्ट केली तर एक-दोन डिग्रीचा फरक पडेल.

झाकण कशाला एवढं महत्त्वाचं? उघड्या भांड्यात वाफ वाऱ्यावर जाते, म्हणून आकडा फसवा वर येतो. याची शिकवण केरोसीनच्या दिव्यांनी दिली. ब्रिटनमध्ये आधी त्या तेलाला उघड्या कपात १०० फॅरनहाइट फ्लॅश पॉइंटची अट होती, ती मापायला बेभरवशाची निघाली, तेव्हा फ्रेडरिक एबलने हा बंद कप बनवला आणि १८७९ च्या कायद्यात त्याची ७३ फॅरनहाइटची हद्द आली. तेच जवळपास २३ सेल्सियस, आणि आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात अ वर्गाची (सगळ्यात पटकन पेटणाऱ्या तेलांची) रेषा आजही २३ लाच आहे. पंपावरच्या डिझेललाही एबल कपात कमीत कमी ३५ डिग्री यावी लागते. आणि मेसेजमधली करवंटी म्हणजे उघडा कप, तोही थर्मामीटरशिवाय.

आणि एवढं सगळं नीट केल्यावरही फ्लॅश पॉइंट मला काय सांगतो? हा द्रव कुठे, कसा साठवायचा आणि न्यायचा. बस्स. फेणी पिण्यालायक आहे का हे तो सांगत नाही, कधीच सांगणार नाही. थोडं मेथॅनॉल मिसळलेलं असेल तर आकडा थोडासा खाली येईल, पण तेवढा तर अल्कोहोल एक-दोन टक्के जास्त असलं तरी येतो. कडकपणा बघायचा तर जुने भट्टीवाले काचेचं यंत्र घालून ग्राव (कडकपणाचं जुनं माप) मोजतात, ते माचिशीपेक्षा शंभरपट बरं. मेथॅनॉल शोधायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे जीसी, लॅबमधल्या यंत्रात दारूतले घटक वेगळे करून मोजायची टेस्ट, घरी बसून करता येईल असा उपाय नाही. आणि पिल्यावर बारा-चोवीस तासांनी जरी डोळ्यांसमोर धुकं आल्यासारखं झालं, पोटात दुखलं, श्वास जोरात चालायला लागला, तर लिंबूपाणी देत बसू नका, सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्या, उशीर झाला तर नजर जाते.

अजून एक सांगायचं राहिलं. माझ्या चुलतभावाने हाच मेसेज वाचून अंगणात भर उन्हात करवंटी पेटवली, ज्योत दिसेना म्हणून पेटलीच नाही असं समजून बाटलीतून आणखी ओतायला गेला. बोटांवरची कातडी सोलून निघाली, नशीब बाटली हातातून सुटली ती लांब पडली.

मामाला आकडा सांगितला तर तो विचारतो, 'बाय, म्हणजे माझी फेणी बरी ना?' मला सांगावं लागलं की मामा, हे मला या टेस्टवरून कळत नाही. त्याच बाटलीतली वेगळी सीलबंद करून जीसीला दिलीय. रिपोर्ट आला की इथेच टाकते, जो असेल तो.