‘गेट’ म्हणजे ‘ओब्तेर’ एवढंच नाही

पोर्तुगालला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सारखा फिरतो. इंग्रजीतले रोजच्या वापराचे शंभर शब्द घ्या, प्रत्येकासमोर एकेक पोर्तुगीज शब्द लिहा, पाठ करा, की तीन महिन्यांत बोलायला लागाल. उदाहरणाला हमखास ‘गेट’ हे क्रियापद असतं आणि त्याच्यासमोर ‘ओब्तेर’. जोडीला आणखी तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. इंग्रजी एका शब्दात भागवते तिथे पोर्तुगीजला वीस शब्द लागतात, म्हणून ती मुळातच क्लिष्ट. १९९० च्या करारानंतर पोर्तुगाल आणि ब्राझीलची भाषा एकच झाली, तेव्हा कुठलाही शब्द कुठेही चालतो. आणि मराठीचा इथे काही उपयोग नाही, विचार इंग्रजीतच करा. मी पोर्तुगीज शिकवते, आणि या सल्ल्यावर विसंबून आलेल्या मुलांची पहिले दोन महिने होणारी ओढाताण मी जवळून पाहते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘ओब्तेर’ हा शब्द खोटा नाही. आयफोनची भाषा पोर्तुगीज केली की ॲप घ्यायच्या बटणावर तोच दिसतो, त्यामुळे अनेकांचा त्याच्यावर विश्वास बसतो. पण त्याची जागा ठरलेली आहे: परवाना, व्हिसा, परवानगी, प्रयोगातून हाती आलेला निष्कर्ष. आपल्याकडे ‘प्राप्त करणे’ जिथे शोभतं, तिथे तो शोभतो. पत्र मिळालं तर ‘रेसेबेर’. नोकरी खटपटीने मिळवली तर ‘आरांझार’ किंवा ‘कोंसेगीर’. घरी पोचलो तर ‘शेगार’. आतून पाणी घेऊन ये म्हणायचं तर ‘बुश्कार’. फोन घे म्हणायचं तर ‘आतेंदेर’. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी ‘गेट’ चालतं, रोजच्या पोर्तुगीज बोलण्यात यांतल्या एकाही ठिकाणी ‘ओब्तेर’ सहज बसत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने लिस्बनमधल्या घरमालकिणीला निरोप पाठवला होता, पावसात भिजले म्हणून. तिने इंग्रजी वाक्य मनात धरलं, यादीतला शब्द उचलला आणि लिहिलं ‘ओब्तीव्ह मोल्यादा’. बाईंनी काळजीने उलट विचारलं, काय मिळवलंस? हवं होतं एवढंच: ‘मोल्येइ-म’. भिजले.

एका शब्दाला एकच अर्थ धरून ठेवता येत नाही हे कळायला लिस्बनपर्यंत जायचीही गरज नाही. आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडूनच आला. तिकडे ‘पागार’ हे क्रियापद आहे, पैसे देणे. इकडे येईपर्यंत ते नाम झालं, आणि तेही घेणाऱ्याच्या बाजूचं.

आता इंग्रजीच्या काटकसरीबद्दल. ‘गेट’ मूळचा स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतला, इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स लोकांकडून इंग्रजीने घेतलेला. अर्थ होता मिळवणे. पुढे त्याच्या शेपटीला ‘अप’, ‘बाय’, ‘ओव्हर’, ‘अवे’ असे बारीक शब्द लागत गेले आणि दरवेळी अर्थ पालटत गेला: उठणे, कसंबसं भागवणे, दुःखातून सावरणे, निसटणे. ही एका शब्दाची काटकसर नाही. शिकणाऱ्याला प्रत्येक जोडी वेगळी पाठ करावीच लागते, फक्त ती शब्दकोशात एकाच नोंदीखाली दडलेली असते. पोर्तुगीज ‘लेव्हांतार-स’ म्हणते आणि उठण्याचं काम उघडपणे एका क्रियापदाला देते. शिकण्याचं ओझं दोन्हीकडे जवळपास सारखंच.

तिसरा मुद्दा प्रत्यक्षात अडचणीत टाकणारा आहे. १६ डिसेंबर १९९० ला लिस्बनमध्ये सही झालेला तो करार लेखनाचा, म्हणजे स्पेलिंगचा आहे. कुठलं मुकं अक्षर गाळायचं, कुठली खूण ठेवायची, एवढाच त्याचा आवाका. शब्दसंपदेला त्याने हात लावलेला नाही. बस पकडायची तर लिस्बनमध्ये ‘आपान्यार’ आणि ‘ओतोकार्रू’, साओ पावलोत ‘पेगार’ आणि ‘ओनिबुस’, मोझांबिकच्या मापुतोत त्याच बसला ‘मशिंबोंबू’. ब्राझीलमध्ये पुढे काही न जोडता नुसतं ‘आपान्येइ’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही मार खाल्लात. सर्दी झाली हे पोर्तुगालमध्ये ‘कोंश्तिपासांव’ या शब्दाने सांगतात. ब्राझीलच्या दवाखान्यात तोच शब्द वापरलात तर डॉक्टर पोट साफ होतं का, असंही विचारू शकतो. ‘समजलं’ म्हणताना लिस्बनचा माणूस ‘पेर्सेबी’ म्हणेल, रिओचा ‘एंतेंदी’. ‘पेर्सेबी’ रिओतही कळतं, पण तिथे त्याचा रोख ‘माझ्या लक्षात आलं’ असा असतो. भाषा एक आहेच, पण जिथे जायचं तिथला शब्द शिकावा लागतो. पुण्याहून नागपूरला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि आता तो चौथा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागतो: मराठीचा उपयोग नाही.

भिजलो, थकलो, रागावलो, रोडावलो, हरवलो. ही पाच मराठी वाक्यं आहेत, प्रत्येकी एका शब्दाची. इंग्रजीत पाचही ठिकाणी ‘गेट’ आणि पुढे एक विशेषण येऊ शकतं. पोर्तुगीजमध्ये काय होतं? ‘मोल्येइ-म’, ‘कांसेइ-म’, ‘झांगेइ-म’, ‘एमाग्रेसी’, ‘पेर्दी-म’. पाच अवस्था, पाच क्रियापदं, मराठीसारखीच. लग्न झालं हे सांगायला ‘काझार’ आहे, आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत लग्नाला ‘काजार’ म्हणतात ते त्यावरूनच. केस कापून घेतले हे सांगायला इंग्रजीला ‘गेट’ची वळसेदार रचना लागते. पोर्तुगीज माणूस न्हाव्याकडून येऊनही सरळ ‘कोर्तेइ उ काबेलु’ म्हणतो, आपण ‘केस कापले’ म्हणतो तसंच. पाकीट मारलं म्हणताना कोणी मारलं ते आपण सांगत नाही. तिकडेही क्रियापद अनेकवचनात ठेवून कर्ता गाळतात. मग भिजण्यासारखी साधी गोष्ट मराठीतून उचलून, इंग्रजीत ‘गेट’ करून, ते ‘गेट’ पुन्हा सोडवत पोर्तुगीजमध्ये का न्यायची? मधला मुक्काम फुकटचा आहे, आणि सगळ्या चुका नेमक्या तिथेच होतात.

शिवाय अनेक अर्थांचा शब्द म्हणजे काय हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे ‘लागणे’ आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दोन तास लागतात, बस लागते, आणि बोलणं मनाला लागतं. यासमोर एकच परका शब्द लिहा असं कुणी म्हटलं तर आपण मान्य करू का? पोर्तुगीजमध्ये भूक ‘असते’, ठेच लागण्याला ‘त्रोपेसार’ आहे, दोन तास लागण्याला ‘देमोरार’. आधी काय घडलं ते बघायचं, मग त्या घडण्याचा शब्द शोधायचा. ‘गेट’चंही तेच.

पण ‘लागणे’च्या शेजारी ‘पेगार’ ठेवून पाहिलं की मला दरवेळी नव्याने आनंद होतो. ‘पेगार’चा जुना अर्थ चिकटणे. आग लागते तेव्हा ‘पेगार फोगू’. झोप लागते तेव्हा ‘पेगार नु सोनु’. रोग एकाचा दुसऱ्याला लागतो तेव्हाही ‘पेगार’, आपल्या ‘लागण’ शब्दासारखाच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता चिकटण्यातून हेच अर्थ काढलेत. भूक मात्र ‘पेगार’ने लागत नाही, त्यामुळे इथेही आंधळेपणाने चालून भागणार नाही. तरी ही वाट मराठीतून लगेच दिसते, इंग्रजीतून सहसा दिसत नाही.

म्हणून माझ्या वर्गात वहीच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य असतं, सुटा शब्द नाही, आणि उजवीकडे पोर्तुगीज वाक्य. ‘ओब्तीव्ह मोल्यादा’ लिहिणारी ती मुलगी रत्नागिरीची आहे. परवा तिने डावीकडे लिहिलं होतं, ‘बाबांनी बांधलेलं हापूसचं कलम लागलं’. हापूस हे नावही ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आलेलं. उजवीकडे तिने मला न विचारता लिहिलं होतं, ‘उ एंशेर्तू पेगो’. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.