ठोका सरळ झाला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. माझ्या मावशीलाही तो आला, आणि तिचा पहिला प्रश्न होता, "मग मी गोळी थांबवू का?" मेसेज म्हणतो: छातीतली अनियमित धडधड म्हणजे गॅस. ती थांबली की रक्त पातळ करणारी गोळी बंद करा. फार तर ॲस्पिरिन आणि लसणाच्या दोन पाकळ्या घ्या. पुन्हा सुरू झाली तर जोरात खोका, मानेची शीर दाबा. आणि रोज पेलाभर रेड वाइन घ्या.

सगळ्यात घातक सल्ला गोळी बंद करण्याचा, म्हणून आधी तोच.

ज्यांना ही गोळी दिलेली असते, त्यांची अनियमित धडधड बहुतेक वेळा एट्रियल फिब्रिलेशनची असते. यात, म्हणजे डॉक्टर ज्याला 'एएफ' म्हणतात त्यात, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो. रक्त तिथे साकळतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. रक्त पातळ करणारी गोळी ही गुठळी होऊ नये म्हणून असते. धडधडीशी तिचा संबंध नाही. धडधडीची गोळी वेगळी (मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम वगैरे), आणि मेटोप्रोलॉलसुद्धा एकदम सोडली तर ठोके उसळतात. शिवाय एएफचे कित्येक झटके जाणवतच नाहीत. आज नाडी सरळ लागली यावरून रात्री काय झालं ते कळत नाही. शॉक देऊन ठोका सरळ केला तरी ते कप्पे काही आठवडे सुस्त राहतात, म्हणून त्यानंतर किमान चार आठवडे गोळी चालूच ठेवतात.

हा प्रश्न तपासून झालेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'अफर्म' चाचणीत ४,०६० रुग्ण होते. निम्म्यांचा ठोका सरळ ठेवण्याचा प्रयत्न केला, निम्म्यांचा फक्त वेग आवरला. दोन्ही गटांत बहुतेक अर्धांगवायू कोणाला झाले? ज्यांची वॉरफरिन (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) बंद झाली होती किंवा आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) कमी पडत होता त्यांना. मेसेज नेमकं तेच करायला सांगतोय!

काहींना ही गोळी लागत नाही, हे खरं. वय ६५ च्या आत, बीपी नाही, मधुमेह नाही, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार किंवा पूर्वीचा अर्धांगवायूचा झटका नाही, तर डॉक्टर ती सहसा देतही नाहीत. पण तो हिशेब या आजारांवरून होतो, धडधड थांबली यावरून नाही.

ॲस्पिरिनचं: २०११ च्या 'ॲव्हेरोज' चाचणीत ॲस्पिरिनवर वर्षाला ३.७ टक्के रुग्णांना अर्धांगवायू किंवा शरीरात इतरत्र गुठळीचा त्रास झाला, अपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीवर १.६ टक्के. मोठा रक्तस्राव दोन्हींत जवळपास सारखाच. म्हणजे ॲस्पिरिन 'सौम्य' म्हणून घ्यायची तर संरक्षण गमावायचं आणि रक्तस्रावाची भीती तशीच ठेवायची. जेवणातला लसूण खुशाल खा, त्याला औषध समजू नका. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक मात्र या गोळ्यांसोबत परस्पर घेऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ॲसिट्रोम (वॉरफरिनसारखीच गोळी) किंवा वॉरफरिन चालू असेल तर मेथी-पालक सोडायची गरज नाही, प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा. अपिक्साबॅनचा असर १२ तासांत बराच उतरतो, म्हणून ती दिवसातून दोनदा. एखादी राहिली तर आठवताच घ्या, दुप्पट नको.

खोकण्यात अर्धं सत्य आहे. एसव्हीटी नावाच्या दुसऱ्या आजारात ठोके जलद पण नियमित असतात. तिथे १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतपत १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि पाय १५ सेकंद वर धरायचे. ही रीत डॉक्टर शिकवतात, बऱ्याचदा लागूही पडते. एएफ त्याने थांबत नाही. आणि मानेची शीर घरी दाबायचीच नाही: उतारवयात तिथे चरबीचा थर असू शकतो, तुकडा सुटला तर तोच मेंदूत जाईल.

गॅस? रात्रीचं जड जेवण काहींना झटका आणतं, एवढंच. वाइन आपल्या जिल्ह्यात पिकते म्हणून औषध होत नाही. दारू एएफ वाढवते आणि सोडली की झटके कमी होतात.

घरी नाडी बघताना पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चौपट केलेला आकडा एएफमध्ये फसवतो. बीपीचं मशीनही चुकतं, म्हणून तीन रीडिंग घ्या. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, दम लागला तर वाट पाहू नका. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सुरगाणा-पेठहून नाशिक गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. सोबत गोळ्यांची पाकिटं न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते पोचताच सांगा. इंजेक्शन द्यायचं की नाही हे डॉक्टर त्यावरूनही ठरवतात.